काउंटरवरचं कुलूप: बेळगावच्या एका पतसंस्थेतलं लॉक स्क्रीनचं प्रकरण

मुख्य कार्यालय बेळगाव शहरात, शाखा खानापूर, निपाणी आणि शहरालगतच्या एका गावात, सगळे मिळून तीसेक संगणक. सोने तारण, पिग्मी, मुदत ठेवी, पगारदारांची कर्जं असा नेहमीचा व्यवहार. सभासद बहुतेक मराठी, नोकरवर्ग मिसळलेला, सहकार खात्याशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर इंग्रजीत. सीमाभागातल्या बऱ्याच पतसंस्थांना हे वर्णन लागू पडेल. संस्थेचं नाव इथं देत नाही.

लेखापरीक्षकांनी शेरा मारला होता: काउंटरवरचे संगणक माणूस जागेवर नसताना उघडे असतात. शेरा खरा होता. संस्थेच्या तेव्हाच्या संगणक-पुरवठादारानं त्यावर एकच औषध सगळ्यांना पाजलं. प्रत्येक संगणकाला दोन मिनिटांचं लॉक, लॉक स्क्रीनवर संस्थेचं चित्र, डेस्कटॉपवर तेच चित्र आणि चित्र बदलायला बंदी. शेऱ्यापुढं ‘पूर्तता केली’ असं लिहिलं गेलं.

आम्हाला, म्हणजे संगणकाची कामं करणाऱ्यांना, बोलावलं ते मात्र चित्रासाठी. सेक्रेटरींचं म्हणणं सोपं होतं: “काही संगणकांवर संस्थेचं चित्र येतंय, काहींवर कुठले तरी डोंगर-समुद्र येऊलालेत. सगळीकडं एकसारखं करून द्या की.” चेअरमनसाहेबांनी शाखेला भेट दिली तेव्हा त्यांना पडद्यावर परदेशातला कुठला तरी किल्ला दिसला होता, आणि तेवढ्यावरून हे काम निघालं.

टेबलाटेबलावर काय चाललं होतं

चित्राला हात लावण्याआधी आम्ही नुसतं बसून बघितलं. अशा कामात हे फार कमी जण करतात, आणि करायला हवं. सेटिंग कुठली लावली आहे ते संगणक सांगतो. लोक तिच्याशी कसे वागतात, ते मात्र टेबलाशेजारी बसल्यावरच कळतं.

सोने तारणाच्या टेबलावर माऊस एका मनगटी घड्याळावर ठेवलेला होता. आधी वाटलं, कुणी विसरलं असेल. मग लक्षात आलं. ऑप्टिकल माऊस खालचा पृष्ठभाग बघून हालचाल ओळखतो, सेकंदकाटा फिरला की पडद्यावरचा बाण किंचित हलतो, आणि विंडोजला वाटतं माणूस काम करतोय. संगणक कधीच लॉक होत नाही. ही युक्ती त्या क्लार्कची नव्हे, जगभरच्या कार्यालयांत ती चालते. पण ती इथं का लागली हे महत्त्वाचं. दागिने आले की सराफ ते घासून बघतो, वजन करतो, खडे वेगळे धरतो, सभासदाशी घासाघीस होते. या सगळ्या वेळात क्लार्क काट्याकडं बघत असतो, हात संगणकावर नसतात. दोन मिनिटं केव्हाच उलटतात. एका तारणाच्या कामात चारपाच वेळा पासवर्ड घालावा लागला की माणूस घड्याळ काढून ठेवणारच.

पासबुक भरण्याच्या काउंटरवर याच्या उलट. तिथं हात सतत चालू असतात, दोन मिनिटांचं लॉक कधी लागतच नाही, त्यामुळं तक्रारही नाही. पिग्मी एजंट संध्याकाळी मशीन घेऊन येतात तेव्हाचा संगणक आणखी निराळा: दिवसभर कुणी हात लावत नाही, आणि संध्याकाळी चारजण एकामागून एक त्यावर बसतात. चौकशीचं टेबल दाराशी, अर्ध्या उंचीच्या फळीपलीकडं, सभासद हात लांबवून कीबोर्डपर्यंत पोचू शकेल असं. खरी जोखीम होती ती तिथं, आणि नेमक्या त्या टेबलावरचं लॉक कुणीतरी प्रशासकाचा पासवर्ड वापरून बंद केलेलं होतं.

आधीच्या पुरवठादाराची चूक दोन मिनिटं हा आकडा नव्हती. दोन मिनिटं हा आकडा सगळ्या टेबलांना एकच ठेवला, ही होती.

एंट्री कुणी खाल्ली

जवळजवळ प्रत्येकानं सांगितलेली एक तक्रार: लॉक झालं की अर्धी भरलेली एंट्री जाते. हे तसं होऊ शकत नाही. विंडोज लॉक झालं म्हणजे आतलं काही बंद पडत नाही. फॉर्म, ब्राउझर, एक्सेल जिथल्या तिथं राहतं, फक्त पुढं पडदा येतो. पण एवढी माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खोटी नसते, फक्त तिचं कारण चुकीचं सांगितलेलं असतं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालतं आणि त्याला स्वतःची निष्क्रियतेची मुदत आहे. ती संपली की ते वापरकर्त्याला बाहेर काढतं, न साठवलेलं जातं. संगणक लॉक झाला, त्यावर बसणारा माणूस जेवायला गेला, मग तो परत आला. तोवर सॉफ्टवेअरची मुदत उलटलेली. पडद्यावर मात्र आधी लॉक दिसतं, म्हणून दोष लॉकवर. सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट नोंद तात्पुरती साठवण्याची सोय होती, बंद ठेवलेली. सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराला सांगून ती चालू करून घेतली. या एका बदलानं लॉकविषयीचा निम्मा राग ओसरला, आणि त्याचा विंडोजशी काही संबंध नव्हता.

पासवर्ड बरोबर, तरी घेत नाही

खानापूर शाखेतली गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आपल्या भागातली वाटते. पुण्यात किंवा बेंगळुरात ती एवढ्या प्रमाणात झाली नसती.

तिथले क्लार्क सांगायचे, “पासवर्ड बरोबरच घालूलालोय सर, घेतच नाही. मग दहा मिनिटं गप्प बसायचं.” एक वयस्क अक्का तर चहाची वेळ त्यावरूनच ठरवायच्या. मुख्य कार्यालयात हा त्रास जवळपास नव्हता. संगणक तर तिथल्यासारखेच, उलट खानापूरचे नवे.

या शाखेतून सभासदांना वसुलीच्या नोटिसा मराठीत जातात आणि सहकार खात्याकडची पत्रं कन्नडमध्ये. पूर्वी मराठी टायपिंग श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत आणि कन्नड टायपिंग नुडी या प्रोग्रॅममध्ये चालायचं. त्या पद्धतीत विंडोजची भाषा सहसा इंग्रजीच राहायची, अक्षरं बदलायची ती फॉन्टमुळं किंवा वेगळ्या प्रोग्रॅममुळं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत, आलं तसं विंडोजमध्येच मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड बसले. कुणी नोटीस मराठीत लिहिता लिहिता उठलं, संगणक लॉक झाला, परत येऊन पासवर्ड घातला तर ती अक्षरं देवनागरीत उमटतात. पासवर्डच्या चौकटीत मात्र सगळीकडं सारखेच काळे ठिपके. माणसाला वाटतं बोट चुकलं, तो पुन्हा घालतो, मग जोरात घालतो.

दहा मिनिटांचं कोडंही इथंच सुटतं. विंडोज 11 ची 22एच2 आवृत्ती आल्यापासून नव्यानं बसवलेल्या संगणकांवर, दहा वेळा पासवर्ड चुकला की खातं दहा मिनिटं बंद ठेवायचं, ही मूळ सेटिंगच आहे. जुने संगणक कितीही वेळा चुकू द्यायचे. खानापूरचे संगणक नवे, म्हणून तिथं शिक्षा, आणि मुख्य कार्यालयातले जुने म्हणून तिथं नुसती कुरकुर.

हा दहाचा नियम काढून टाका, असा आग्रह झाला. आम्ही काढला नाही. कुणी पासवर्ड अंदाजानं घालून बघत असेल तर त्याला अडवणारी तेवढीच एक गोष्ट आहे. त्याऐवजी भाषेचा गुंता सोडवला. साइन-इनच्या पडद्यावर कुठले कीबोर्ड उपलब्ध असावेत हे विंडोज वापरकर्त्याच्या यादीवरून आपोआप उचलतं. ते थांबवणारी पॉलिसी, म्हणजे प्रशासकानं संगणकावर लादायचा नियम, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लोकेल सर्व्हिसेस या ठिकाणी आहे. नाव लांबलचक: डिसअलाऊ कॉपीइंग ऑफ यूजर इनपुट मेथड्स टू द सिस्टिम अकाउंट फॉर साइन-इन. पण ती आधी चालू करून उपयोग नाही, कारण मराठी-कन्नड कीबोर्ड तिथं आधीच जाऊन बसलेले असतात. म्हणून क्रम असा ठेवला. प्रशासकाच्या खात्यात फक्त इंग्रजी कीबोर्ड ठेवायचा, कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनच्या खिडकीत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह या पानावरून ती मांडणी स्वागत-पडद्यावर उतरवायची, आणि मगच पॉलिसी लावायची. यानंतर पासवर्डच्या जागी इंग्रजीशिवाय पर्यायच उरत नाही. आत गेल्यावर ज्याला त्याला आपली भाषा.

पॉलिसी पोचेपर्यंत दोन साध्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचं नाव दिसतं ते आधी बघायचं, आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं तर घातलेली अक्षरंही दिसतात, फक्त मागं सभासद उभा नाही ना ते बघून. अक्कांनी ते डोळ्याचं चिन्ह पहिल्यांदा दाबलं आणि देवनागरीतली ती अगम्य अक्षरं बघून मोठ्यानं हसल्या. मग शाखेतल्या बाकीच्यांना त्यांनीच शिकवलं.

एकच खातं, सगळ्यांचं

काउंटरवरच्या प्रत्येक संगणकावर ‘काउंटर’ नावाचं एकच खातं, पासवर्डही सगळ्यांना माहीत, आणि बऱ्याच ठिकाणी कीबोर्डच्या खाली चिठ्ठीवर लिहिलेला. अशा संगणकाला दोन मिनिटांचं लॉक लावलं काय आणि दोन तासांचं लावलं काय. लॉक कुणासाठी आहे, हा प्रश्नच तिथं सुटलेला नव्हता.

प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. बोलायला सोपं, करायला किचकट. एक माणूस लॉक करून गेला आणि दुसरा त्याच संगणकावर बसला, तर पहिल्याचं काम आत चालूच राहतं आणि दुसऱ्याचं सत्र त्यावर चढतं. चार जीबी मेमरीच्या संगणकावर अशी दोन सत्रं आणि दोन ब्राउझर म्हणजे संध्याकाळी पिग्मीच्या वेळी सगळं थिजणार. ज्या टेबलांवर माणसं पाळीपाळीनं बसतात तिथल्या संगणकांत आठ जीबी मेमरी करून घेतली. इतर ठिकाणी गरज नव्हती.

दुसरी अडचण कुणाच्याच डोक्यात नव्हती. पासबुक प्रिंटर. विंडोजमध्ये मूळ प्रिंटर वापरकर्त्यागणिक ठरतो. जुन्या ‘काउंटर’ खात्यात तो पासबुक प्रिंटर होता, नव्या खात्यांत तसं काही ठरलेलं नव्हतं, शिवाय मूळ प्रिंटर विंडोजनंच ठरवावा ही सेटिंग चालू. परिणाम असा की पहिल्याच सकाळी सभासदांच्या नोंदी मागच्या खोलीतल्या लेझर प्रिंटरवर कोऱ्या कागदावर छापून येऊ लागल्या. रांग वाढली, शिव्या आम्हाला बसल्या, आणि त्या योग्य होत्या. प्रत्येक खात्यात जाऊन ती सेटिंग बंद केली आणि प्रिंटर नेमून दिला.

पासवर्डऐवजी पिन द्यावा का, यावर सेक्रेटरींना शंका होती: चार आकडी पिन म्हणजे एटीएमसारखाच, कुणीही बघेल. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण विंडोजचा पिन त्या एका संगणकापुरताच चालतो, दुसऱ्या शाखेतून त्याचा काही उपयोग होत नाही, आणि किमान लांबी पॉलिसीनं वाढवता येते. ती सहा आकडी केली. ज्यांना पिन नको त्यांना पासवर्ड. वयस्क मंडळींनी पिन घेतला, तरुणांनी पासवर्डच ठेवला. अपेक्षा उलट होती.

आणि ते चित्र

आता मूळ काम. काही संगणकांवर संस्थेचं चित्र आणि काहींवर डोंगर-समुद्र, असं का?

लॉक स्क्रीनवर ठरावीक चित्र लादण्याची ग्रुप पॉलिसी आहे. पण विंडोज 10 च्या 1607 या आवृत्तीपासून ती फक्त एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या प्रकारांवर लागू होते. आपल्याकडच्या दुकानांतून येतात ते संगणक प्रो किंवा होम. होममध्ये ग्रुप पॉलिसीचा संपादकच नसतो. प्रोमध्ये असतो, पॉलिसी दिसते, चालू करता येते, अहवाल काढला तर लागू झाल्याचंही दिसतं, आणि पडद्यावर काही फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टनं हे असं का ठेवावं, मला आजवर समजलेलं नाही. जी सेटिंग चालणार नाही ती राखाडी करून ठेवायला काय जात होतं? आधीचा पुरवठादार इथंच फसला होता. ज्या संगणकांवर चित्र दिसत होतं तिथं ते कुणीतरी हातानं लावलेलं होतं, पॉलिसीनं नव्हे. डोंगर-समुद्र म्हणजे विंडोज स्पॉटलाइट, रोज नवं चित्र आणणारी सोय.

प्रोसाठी एक मार्ग उरतो, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या आतल्या नोंदवहीतल्या) पर्सनलायझेशन सीएसपी या जागी चित्राचा पत्ता लिहिणं. इथल्या प्रो संगणकांवर तो चालला, आणि सेटिंग्जमधलं लॉक स्क्रीनचं पान वापरकर्त्यासाठी बंदही झालं. पण हा सरळ दिलेला दरवाजा नव्हे. पुढच्या एखाद्या अपडेटनं तो बंद झाला तर तक्रार करायला जागा नाही, हे सेक्रेटरींना लेखी दिलं.

डेस्कटॉपचं चित्र वेगळं प्रकरण. ती पॉलिसी प्रोवर व्यवस्थित चालते. आधीच्या माणसानं चित्राचा पत्ता मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरच्या फोल्डरचा दिला होता. सकाळी वीज नसली, सर्व्हर उशिरा चालू झाला किंवा शाखेचं इंटरनेट तुटलेलं असलं की संगणक उघडल्यावर नुसता काळा पडदा. लोकांना वाटायचं संगणक बिघडला. चित्र प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या सी ड्राइव्हवर ठेवलं, बस्स. एका संगणकावर चित्र बदलायचं पानच राखाडी होतं आणि त्याचं खापर आमच्या पॉलिसीवर फुटलं. तिथं विंडोज ॲक्टिव्हेटच केलेलं नव्हतं.

इथवर तंत्राचा भाग झाला. चित्र कुठलं, यावर मात्र संचालक मंडळाची बैठक लांबली.

आधी काय होतं ते सांगायला हवं. बंदी येण्यापूर्वी डेस्कटॉपवर शिवाजी महाराज होते, सौंदत्तीची यल्लम्मा होती, कित्तूर चन्नम्मा होती, संगोळ्ळी रायण्णा होता, नातवंडं होती, धोनी होता. शेजारीशेजारी, कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग एका टेबलावर सीमाप्रश्नाची घोषणा असलेलं चित्र आलं, आणि 1 नोव्हेंबरच्या आसपास दुसऱ्या टेबलावर लाल-पिवळा झेंडा. तारखेचा अर्थ बाहेरच्याला सांगावा लागेल: 1956 साली याच दिवशी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हापासून कन्नड बाजूचा राज्योत्सव आणि मराठी बाजूचा काळा दिन. दोन्ही पडदे काउंटरबाहेरून दिसत होते. एका सभासदानं फोटो काढला, फोटो मोबाईलवरून फिरला, आणि आवाज चढले. चित्र बदलायला बंदी आली ती खरं तर त्यानंतर, लेखापरीक्षणाचं निमित्त पुढं करून.

बैठकीत सूचना आल्या. कुणी म्हणालं चेअरमनसाहेबांचा फोटो आणि सणाच्या शुभेच्छा. निवडणूक जवळ होती, त्यामुळं बाकीच्यांनी ती सूचना हसत हसत बाजूला ठेवली. कुणी म्हणालं संस्थेचं पूर्ण नाव तिन्ही लिप्यांत. मग आधी कुठली लिपी? एका संचालकांनी 2024 चा कर्नाटकाचा फलकांचा नियम काढला, साठ टक्के कन्नड. तो दुकानांच्या आणि आस्थापनांच्या फलकांसाठी आहे, संगणकाच्या पडद्यासाठी नव्हे, हे सांगून झालं, पण विषय निघाला तो निघालाच. मग गावाचं नाव. सरकार-दरबारी 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी, चित्रातल्या जुन्या बोधचिन्हावर बेळगाव.

शेवटी आम्ही एक चित्र पुढं ठेवलं. गडद निळी पार्श्वभूमी, मधोमध संस्थेचं चिन्ह, अक्षरं एकही नाहीत, आणि खाली संगणक बिघडल्यास फिरवायचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक. अंक आंतरराष्ट्रीय. अंकांवर कुणी बोललं नाही. एकमतानं मंजूर.

हे चित्र काउंटरच्या आणि चौकशीच्या पडद्यांनाच सक्तीनं लावलं. लॉक स्क्रीन सगळीकडं तीच. पण आतल्या खोल्यांतल्या डेस्कटॉपवरची बंदी काढून टाकली, आणि यावर सेक्रेटरी खूष नव्हते. माझं मत त्यांना स्पष्ट सांगितलं: सभासदाला जो पडदा दिसतो तो संस्थेचा, ज्या पडद्यासमोर एकटा माणूस दिवसभर बसतो तिथं त्याची नातवंडं असली तर संस्थेचं काही जात नाही. आतल्या माणसाकडून डेस्कटॉपचं चित्रही काढून घेतलं की तो लॉकही शत्रूसारखंच बघायला लागतो. घोषणा आणि झेंडे कुठंही नकोत, एवढं परिपत्रक काढलं. ते काम पॉलिसीचं नव्हे, सेक्रेटरींच्या सहीचं.

वेळ कुठल्या टेबलाला किती

निष्क्रियतेवर लॉक करण्याचा नेमका मार्ग सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये आहे, मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट या नावानं, आणि तो सेकंदांत घालावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-मार्गदर्शक मांडणीत 900 सेकंद, म्हणजे 15 मिनिटं, अशी मर्यादा आहे. ती आम्ही वरची हद्द धरली. त्याच्या आत टेबलं बघून वाटप केलं. चौकशीच्या टेबलाला तीन मिनिटं, कारण तिथं हात पोचतो. काचेमागच्या कॅश आणि पासबुक काउंटरना पाच. सोने तारणाला दहा. आतल्या खोल्यांना पंधरा.

सभासदांसमोरच्या टेबलांत सोने तारणाला सर्वांत जास्त मोकळीक दिलेली बघून एका संचालकांनी भुवया उंचावल्या, कारण पैसा तिथंच जास्त. पण त्या टेबलाशी काम चालू असताना क्लार्क, सराफ आणि सभासद हजर असतात. उघड्या संगणकाचा धोका माणूस उठून गेल्यावर आहे, समोर बसलेला असताना नाही. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायची, ही सवय तिथं जास्त कामाची. ब्लूटूथनं फोन लांब गेला की संगणक लॉक करणारी सोयही तपासली आणि सोडून दिली. इथली माणसं उठून जाताना फोन चार्जिंगला टेबलावरच ठेवतात.

एक गोष्ट वेळ खाऊन गेली. काही संगणक ठरवलेल्या वेळेआधीच लॉक होत होते. निष्क्रियतेच्या मर्यादेशिवाय स्क्रीनसेव्हरची पासवर्डसह वेगळी पॉलिसी असते, आणि दोन्हींपैकी जी आधी पुरी होईल ती लागते. जुन्या दोन मिनिटांचा स्क्रीनसेव्हर खाली दबून बसलेला होता. तो काढला.

लॉक स्क्रीनवर येणाऱ्या सूचना बंद केल्या. संगणकावरच्या व्हॉट्सॲपमुळं सभासदाचं नाव, कधी हप्त्याची रक्कम, लॉक झालेल्या पडद्यावर सगळ्यांसमोर झळकत होती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 साली आला आहे आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पतसंस्थेला एवढा होईल असं कुणी म्हणत नाही, पण बैठकीत हा आकडा सांगितल्यावर व्हॉट्सॲपवरची चर्चा लवकर संपली. साइन-इन न करता संगणक बंद करता येण्याची सोयही काढली, नाहीतर एकाचं उघडं काम दुसरा बटण दाबून मारून टाकायचा.

कसं पोचवलं, काय राहिलं

संस्थेकडं डोमेन, म्हणजे सगळे संगणक एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था, नाही. म्हणजे मुख्य कार्यालयात बसून निपाणीच्या संगणकाची पॉलिसी बदलता येत नाही. मायक्रोसॉफ्टचं एलजीपीओ हे मोफत साधन वापरलं. एका संगणकावर मांडणी पक्की करायची, ती फाईलमध्ये काढायची आणि पेनड्राइव्हवरून दुसरीकडं उतरवायची. टेबलाच्या प्रकारागणिक वेगळी फाईल केली. प्रत्येक फाईलबरोबर एक कागद, त्यावर कुठली सेटिंग, आधी काय होती, आता काय, कुणाच्या सांगण्यावरून. पुढचा शेरा येईल तेव्हा लेखापरीक्षकांना दाखवायला तो कागद लागेल, आणि आमच्यानंतर येणाऱ्या माणसालाही.

वसुली अधिकाऱ्यांचे दोन लॅपटॉप होम प्रकारातले होते, त्यांना प्रो करून घेतलं. निपाणीतले काही जुने संगणक विंडोज 11 ला पात्रच नाहीत, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ते बदलेपर्यंत त्यांना सभासदांसमोरच्या टेबलावरून हलवून आतल्या टायपिंगच्या कामाला लावलं आहे. त्यांवर हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायचं नाही, असं ठरलं. निपाणीचे शाखाधिकारी हे पाळतील का, याची मला खात्री नाही.

एंटरप्राइझ घ्यावं का, हा विषय मंडळापुढं आला होता. लॉक स्क्रीनचं चित्र रीतसर लादता यावं, एवढंच कारण असेल तर नको, असं आम्ही लिहून दिलं आणि ते मान्य झालं. डोमेन उभारायचं की क्लाउडवरून शाखांचे संगणक सांभाळायचे, याचा निर्णय पुढच्या अंदाजपत्रकात होईल. तोवर पेनड्राइव्ह. मनगटी घड्याळ क्लार्कच्या मनगटावर गेलं आहे, पण चौकशीच्या टेबलावर तीन मिनिटं फार कमी आहेत, असा अर्ज सेक्रेटरींकडं पडून आहे. तो मंजूर करू नये, असं आम्ही सुचवलं आहे.